वर गेलेले कुत्रे

धुळ्याहून मालेगावच्या दिशेनं निघालं की दहाएक किलोमीटरवर महामार्गाच्या अगदी कडेला लळिंगचा डोंगर उभा राहतो. फारुकी सुलतानांच्या खानदेशातला हा एके काळचा मातब्बर किल्ला. आज त्याची मातब्बरी एवढीच, की धुळ्यातली पोरं पहाटे गाडीला किक मारतात, वर जाऊन येतात आणि नाश्त्याला घरी असतात. चढ छातीवरचा, पण बेताचा. सावली जवळपास नाहीच. पावसाळ्यात सगळं हिरवंगार आणि निसरडं, होळीनंतर सगळं पिवळं आणि तापलेलं. पाळीव कुत्रा घेऊन गड चढायची टूम पुण्या-मुंबईकडून निघाली ती खानदेशात येणारच होती. लळिंग आहे, साक्रीकडे भामेर आहे, जळगावच्या बाजूला सातपुड्याचे पायथे आहेत. आणि जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमध्ये आता हस्कीसुद्धा आहेत.

या ट्रेकची रील तुम्ही पाहिलीच असेल. गाडीच्या खिडकीतून बाहेर काढलेलं तोंड, वाऱ्यावर मागं गेलेले कान. मग खडकावरून झपझप वर जाणारी शेपटी आणि मागून धापा टाकत येणारा मालक. मग तटावर बसलेलं जनावर, पाठीमागं सूर्य, खाली 'माझं बाळ' किंवा 'बेस्ट ट्रेक पार्टनर'. तीस सेकंदात संपतं. हा एक साहित्यप्रकारच झालाय म्हटलं तर नाक मुरडू नका. त्याला ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला रस आहे, ठरलेलं संगीत आहे. अभंगाला आणि लावणीला असतात तसे त्याचेही नियम आहेत, फक्त ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत. आणि ज्याला नियम असतात त्याची समीक्षा करता येते. समीक्षेतला एक जुना, साधा प्रश्न इथं विचारून बघू: यात काय नाही?

यात उतरणं नाही.

तटावरचा सूर्य आला की रील संपते. त्यानंतरचे दोन तास, म्हणजे ज्या दोन तासांत ऊन चढतं, बाटलीतलं पाणी संपतं आणि कुत्रा पहिल्यांदा एखाद्या खडकाच्या टोकावर थांबून खाली बघतो, ते कुणी दाखवत नाही. हा आळस असेल असं मला आधी वाटायचं. पण मग लक्षात आलं की डोंगर आणि कुत्रा या जोडीच्या आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या गोष्टीसुद्धा वरच संपतात. मराठीत 'वर जाणं' याचा जो दुसरा अर्थ आहे, त्याही अर्थानं. आपल्या गोष्टींतले कुत्रे वर जातात आणि वर गेले की गेलेच.

सगळ्यात जुनी गोष्ट महाभारताच्या सतराव्या पर्वात आहे. महाप्रास्थानिक पर्व, तीन अध्याय, जेमतेम शंभरेक श्लोक. फोनवर एका बैठकीत वाचून होतं. यादवांचा संहार झालाय, कृष्ण गेलाय, पांडव राज्य सोडून वल्कलं नेसून निघालेत. पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा. ही मोजणी माझी नाही, मूळ ग्रंथातलीच आहे. हस्तिनापूरचे लोक त्यांना पोचवून मागं फिरतात, कुत्रा मात्र फिरत नाही. ते आधी पूर्वेकडे समुद्रापर्यंत जातात, तिथून दक्षिणेला, मग पश्चिमेला बुडालेली द्वारका पाहायला आणि शेवटी उत्तरेला हिमालयाकडे. म्हणजे डोंगर चढायच्या आधी हा कुत्रा अख्ख्या देशाला प्रदक्षिणा घालून आलेला आहे. (दक्षिणेकडून द्वारकेला जाताना वाटेत तापीचं खोरं लागलंच असणार, अशी एक खानदेशी समजूत मी मनाशी बाळगून आहे. ग्रंथात तसा उल्लेख नाही.)

या कुत्र्याबद्दल पर्वात काय सांगितलंय ते बघा. नाव नाही. रंग नाही. नर की मादी एवढं व्याकरणावरून कळतं. तो एकदाही भुंकत नाही. त्याला कुणी हाक मारत नाही, बांधत नाही, भाकरी टाकत नाही. तो मागून येतो, एवढंच. पण वाक्याचा कर्ता तोच आहे. युधिष्ठिरानं कुत्रा 'नेला' असं कुठंही नाही, कुत्रा 'आला'. आपल्या रीलची मराठी याच्या बरोबर उलट आहे. 'आज ब्रूनोला घेऊन लळिंग केला' या वाक्यात ब्रूनो कर्म आहे, लळिंगही कर्म आहे आणि करणारा एकटा मी आहे. हा निव्वळ व्याकरणाचा खेळ नाही. जो स्वतः आला तो कंटाळला तर परत फिरू शकतो. ज्याला गळ्यात पट्टा घालून आणलं त्याच्यासाठी परत फिरायचा निर्णय दुसऱ्यालाच घ्यावा लागतो, आणि तो दुसरा त्या वेळी सूर्य शोधत असतो.

पुढं डोंगरावर एकेक जण पडत जातो. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. युधिष्ठिर मागं वळून बघत नाही. प्रत्येक जण का पडला याचं कारण मात्र तो सांगतो, आणि ते वाचताना दर वेळी माझं त्याच्याशी भांडण होतं. इरावती कर्व्यांचंही झालं असावं. 'युगान्त'मध्ये त्या पडलेल्या द्रौपदीपाशी थांबल्या, तिचे शेवटचे क्षण त्यांनी आपल्या कल्पनेनं लिहिले आणि भीमाला तिच्याजवळ आणलं. व्यासांना तिथं थांबायला वेळ नव्हता. त्यांना कुत्र्यापर्यंत पोचायचं होतं.

मग इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिराला म्हणतो, चढ. युधिष्ठिर म्हणतो, हाही येईल. इंद्र म्हणतो, स्वर्गात कुत्र्यांना जागा नाही. कुत्रं बाळगणाऱ्यांचं पुण्यसुद्धा राक्षस घेऊन जातात. इथून जो वाद होतो तो महाभारतातल्या उत्तम वादांपैकी एक आहे, कारण इंद्राचा मुद्दा खरोखर बिनतोड आहे: भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग या कुत्र्यापाशीच का अडलास? युधिष्ठिराचं उत्तर असं आहे की ते मेले होते. मेलेल्यांना मी जिवंत करू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. आणि हा जिवंत आहे. आपल्या आसऱ्याला आलेल्याला टाकणं हे त्याच्या हिशेबात मोठ्यातल्या मोठ्या पापाच्या बरोबरीचं आहे. या वृत्तीला महाभारतात 'आनृशंस्य' म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा: क्रूर नसणं. प्रेम याच्या कितीतरी पुढची गोष्ट. युधिष्ठिर त्या कुत्र्यावर प्रेम करत होता असं व्यासांनी कुठंच म्हटलेलं नाही. तो त्याला टाकायला तयार नव्हता, एवढंच. आपल्या रील्समध्ये प्रेम ओसंडून वाहतं. म्हणूनच हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

इथपर्यंत गोष्ट अफाट आहे. पुढच्या क्षणी ती हातातून सुटते. कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म होता, परीक्षा घेत होता, तू उत्तीर्ण झालास. हा शेवट आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की त्यातली चलाखी दिसेनाशी झाली आहे. कुत्रा देव निघाल्यामुळे मूळ अडचण सुटलीच नाही, ती गायब झाली. तो कुत्राच निघाला असता तर? स्वर्गाच्या दाराशी एक थकलेलं, सोललेल्या पंजांचं, देशभर चालून आलेलं जनावर आणि त्याच्याशिवाय आत जायला तयार नसलेला माणूस. मग इंद्रानं काय केलं असतं? मला वाटतं मग युधिष्ठिराला खाली उतरावं लागलं असतं. त्या कुत्र्याला घेऊन, त्याच वाटेनं, पडलेल्या पाच जणांच्या शेजारून. ते पर्व व्यासांनी लिहिलं नाही. कुत्र्याला देव करून त्यांनी युधिष्ठिराची आणि स्वतःचीही उतरणीतून सुटका करून घेतली.

सुरुवात मात्र वेगळी होती. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ एक कुत्रा येतो, देवशुनी सरमेचा पोरगा. जनमेजयाचे भाऊ त्याला काही कारण नसताना बडवतात. तो रडत आईकडे जातो आणि सरमा येऊन राजाला जाब विचारते: यानं तुमच्या हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे बघितलंसुद्धा नाही, मग मारलंत का? कुणाकडे उत्तर नसतं. ती शाप देते आणि राजा घाबरतो. तो कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो. मला शेवटच्या कुत्र्यापेक्षा तो जास्त खरा वाटतो.

खानदेशच्या वाचकाला या गोष्टीची दुसरी बाजू घराजवळच सापडेल. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगेत अस्तंबा आहे, तेराशे मीटरहून उंच. १९९८ पर्यंत हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला इथं अश्वत्थाम्याची यात्रा भरते. महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून लोक रात्रभर चालत वर जातात. कपाळावरच्या जखमेला लावायला तेल मागत अश्वत्थामा या डोंगरात अजून फिरतो, अशी इथली समजूत. आता सौप्तिक पर्वातला त्याचा शाप आठवा. तीन हजार वर्षं तू निर्जन प्रदेशात भटकशील, तुला सोबती नसेल, तुझ्याशी कुणी बोलणार नाही. शापाचा खरा डंख न भरणाऱ्या जखमेत नाही, सोबत नसण्यात आहे. एकाच ग्रंथात एक माणूस डोंगर चढतो तो सोबत सोडायची नाही म्हणून अडून बसतो, आणि दुसऱ्याला डोंगरात सोडलं जातं ते कुणाचीही सोबत मिळू नये म्हणून. यात्रेला जाणारे लोक तेल घेऊन जातात आणि, हे महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी उतरून घरी येतात. दिवाळी घरी करायची असते. अस्तंब्याच्या गोष्टीत उतरणं आहे, फक्त तिच्यात कुत्रा नाही.

आता सिनेमाकडे येऊ, कारण डोंगर आणि कुत्रा म्हटल्यावर आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढं '७७७ चार्ली' येतो. किरणराज के. यांचा २०२२ चा कन्नड सिनेमा, आपल्याकडे अनेकांनी हिंदीत पाहिला. नायकाचं नाव धर्मा. म्हणजे महाभारतात कुत्रा धर्म होता, इथं माणूस धर्म आहे. दिग्दर्शकानं पाटी उलटी केली आहे आणि ती हुशारीनं केली आहे. चार्लीला कॅन्सर झालाय, तिला बर्फ दाखवायचा म्हणून धर्मा तिला बाइकच्या साइडकारमध्ये घालून दक्षिणेतून थेट हिमालयात नेतो. सिनेमा पाहून मी रडलो, तुम्हीही रडला असाल. पण रडणं ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. बर्फ कुणाला पाहायचा होता? सिनेमात टीव्हीवरचा बर्फ पाहून चार्ली हरखते, तेवढ्या पुराव्यावर आजारी कुत्रीला देशाच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचं ठरतं. सिनेमा धर्माला बदलण्यासाठी चार्लीला डोंगरावर नेतो. धर्मा बदलला की तिचं काम संपतं आणि बर्फातच तिचा शेवट होतो. पुन्हा तेच. वर.

रायगडावरच्या वाघ्याबद्दल थोडक्यात, कारण तो विषय निघाला की लोक वाचायचं सोडून भांडायला लागतात. धन्याच्या चितेत उडी घेणारा वाघ्या ही दंतकथा आहे. समकालीन कागदपत्रांत त्याचा पुरावा मिळत नाही असं इतिहासकार सांगतात. समाधीजवळचा त्याचा पुतळा गेल्या शतकातला. तो २०१२ मध्ये काढून टाकला गेला, काही दिवसांत परत बसवला गेला, २०२५ मध्ये पुन्हा हटवण्याची मागणी झाली आणि तिला पुन्हा विरोध झाला. तो तिथं असावा की नाही यावर माझं मत इथं अप्रस्तुत आहे. मला त्या कथेचा घाट दिसतो: डोंगरावर गेलेल्या कुत्र्याचं इमान सिद्ध व्हायला त्याला मरावंच लागतं. वाघ्या गड उतरून पाचाडला आला आणि पुढं म्हातारा होऊन मेला, अशी दंतकथा कुणी रचली नसती.

कल्पनेतल्या कुत्र्यांनंतर एक खरा. २०२२ च्या मे महिन्यात एक जण आपल्या हस्कीला घेऊन केदारनाथला गेला. गौरीकुंडापासून वर सोळाएक किलोमीटरची चढण. देवळापुढच्या नंदीला कुत्र्याचे पंजे लावलेला आणि त्याच्या कपाळी टिळा लावलेला व्हिडिओ पसरला. मंदिर समितीनं कारवाईची मागणी केली, सोशल मीडियावर दोन तट पडले. एक म्हणाला विटाळ झाला, दुसऱ्यानं युधिष्ठिराचा कुत्रा काढला. युधिष्ठिर जिकडून गेला असं सांगतात तोच हा मुलूख, त्यामुळे दाखला फिट्ट बसत होता. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं भांडण नंदीपाशीच अडकून पडलं. वाटेबद्दल कुणी बोलेना. त्याच हंगामात त्याच वाटेवर ओझ्यानं आणि थकव्यानं घोडी-खेचरं मेल्याच्या बातम्या येत होत्या. ती टिळा न लावलेली जनावरं कुणाच्या वादात आली नाहीत.

तर मग उतरलेला एकही कुत्रा आपल्याकडे नाही का? मला एक सापडतो, आणि तो अरुण कोलटकरांनी उतरवलाय. 'काळा घोडा पोएम्स' हा त्यांचा २००४ चा इंग्रजी संग्रह. त्यातला मुंबईचा एक रस्त्यावरचा कुत्रा पहाटे ट्रॅफिक आयलंडवर पडल्या पडल्या आपली वंशावळ सांगतो. आईकडून तो विलायतेहून बोटीनं आणलेल्या शिकारी कुत्र्यांचा वारस. बापाकडून त्याचं घराणं युधिष्ठिरामागं गेलेल्या त्या कुत्र्यापर्यंत पोचतं. कविता थट्टेत आहे, पण थट्टेत कोलटकर व्यासांची मोठी दुरुस्ती करून जातात. वंश चालायचा तर तो कुत्रा देव होऊन चालत नाही. त्याला डोंगर उतरून यावं लागतं, गावात यावं लागतं, एखाद्या कुत्रीच्या मागं लागावं लागतं. कोलटकरांनी स्वर्गाच्या दारातून त्याला परत आणलं आणि मुंबईच्या रस्त्यावर झोपवलं. त्याच्या किती तरी आधी, १९७६ च्या 'जेजुरी'त, त्यांनी मारुतीच्या पडक्या देवळात आपल्या पिल्लांना घेऊन राहणारी एक कुत्री पाहिली होती. खंडोबाच्या डोंगरावर तिला कुणी ट्रेकला आणलेलं नव्हतं. ती तिथंच राहत होती. यात्रेकरू येऊन जात होते.

आणि दुसरे उतरलेले कुत्रे पुस्तकात नाहीत, धुळे जिल्ह्यातच आहेत. साक्री तालुक्याकडे आणि आसपास ठेलारी मेंढपाळ आहेत. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघतात, रात्री कुणाच्या शेतात वाडा बसतो, त्या बदल्यात शेताला लेंडीखत मिळतं. त्यांच्याबरोबर कुत्री असतात. दिवसा कळपाच्या कडेनं, रात्री वाड्याच्या बाहेर. लांडगा असतो, चोर असतो. हे कुत्रे माळ चढतात, टेकड्या चढतात, आणि मेंढरं जितकी चढली तितकी उतरतात, कारण संध्याकाळी वाडा सपाटीवर बसायचा असतो. चाल मेंढराची असते, तीही कोकरू असलेल्या मेंढीची. ऊन तापलं की बाभळीखाली सगळे थांबतात. ठेलाऱ्याच्या पोराला 'बेस्ट ट्रेक पार्टनर' म्हणजे काय ते कळणार नाही, पण कुत्र्याची जीभ किती बाहेर आली की थांबायचं हे त्याला बरोबर कळतं. या माणसांवर आणि कुत्र्यांवर कुणीतरी खानदेशातून कादंबरी लिहावी असं मला फार वाटतं. त्या कादंबरीत दर पानावर उतरणं असेल.

मग राहिला आपला लळिंगचा ब्रूनो. त्याच्या उतरणीत काय असतं ते सांगतो, कारण ते माहीत असल्याशिवाय रीलमध्ये काय गाळलंय ते कळत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकून बाहेर फेकतो. त्याचं नेहमीचं तापमान साडेअडतीसच्या आसपास असतं. एक्केचाळीसच्या पुढं गेलं की जीव धोक्यात येतो. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि काळा बेसॉल्ट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. सकाळी सहाला गार असलेला खडक नऊला चटका देतो, आणि वर जाताना सहा वाजलेले असतात, उतरताना नऊ. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद खडकावर टेकवता येत नसेल, तर पंजेही टेकवता येत नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापासुद्धा धड टाकता येत नाहीत. हस्कीच्या अंगावर तर सायबेरियाचं पांघरूण आहे.

शिवाय उतरणीचं गणित वेगळं. उभ्या कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं. चढताना ते मागं सरकतं, मागच्या पायांच्या जोरावर तो रॉकेटसारखा जातो आणि आपण म्हणतो, बघ कसा एन्जॉय करतोय. उतरताना जवळजवळ सगळा भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो. नखं खडकावर सरकतात. कातळात खोदलेल्या पायऱ्या माणसाच्या पावलाच्या मापाच्या असतात. म्हणून वर सहज गेलेला कुत्रा खाली येताना अडतो. तो हट्ट करत नसतो. त्याला उंची दिसलेली असते. इथं युधिष्ठिराची परीक्षा खरी सुरू होते, आणि इंद्र नेमका मित्रांच्या रूपात येतो: 'सोड रे, येईल आपोआप मागून.'

काही डोंगरांवर तर हा प्रश्न पायथ्यालाच निकालात निघायला हवा. पाटणादेवीचं जंगल गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे, पालच्या बाजूचा सातपुडा यावल अभयारण्यात. तिथं घरचा कुत्रा नेऊच नये. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्यांच्यात सापडला तो कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू, आपल्या कुत्र्यांना ज्याची लस देतो तोच. उलट दिशेनंही धोका आहे. नगर जिल्ह्यात अकोले भागात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला तेव्हा त्यात सर्वात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्याच्या लेखी ब्रूनो हा कुणाचं बाळ नसतो.

अजून एक कुत्रा राहिला. पायथ्याच्या गावातला, कुणाचाच नसलेला, सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर जा, तुमच्या पुढं पुढं चालणारा. हा खरा महाप्रास्थानिक पर्वातला: न बोलावता आलेला. वाट त्याला तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते, कुठं थांबायचं तेही. तुम्ही त्याला पारले-जी देता, वर त्याच्यासोबत फोटो काढता, तो तुमच्याबरोबर उतरतो, आणि त्याचा डोंगर जिथं संपतो तिथं तुमची गाडी उभी असते. किक मारल्यावर तो काही अंतर मागं पळत येतो. हासुद्धा भाग कुणी शूट करत नाही.

मला कधीतरी एक रील पाहायची आहे. सुरुवातच तटावरून, सूर्य आधीच वर आलेला. कुत्रा एका दगडाच्या टोकावर येऊन थांबतो, खाली बघतो, वळून माणसाकडे बघतो आणि बसतो. माणूसही बसतो. बाटलीतलं पाणी ओंजळीत ओततो, अर्धं सांडतं. खालून महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येतोय. काही वेळानं माणूस पाठमोरा होऊन एक पायरी उतरतो आणि हात पुढं करून तिथंच उभा राहतो. कुत्रा पुढचा एक पंजा टाकतो, मागं घेतो, परत टाकतो. लळिंगच्या त्या चढाला वर जाताना वीस मिनिटं लागली असतील तर खाली यायला तासभर. सगळंच्या सगळं, न कापता. मध्ये कुठलंही गाणं नको.